सूक्ष्मलहरींचा शेक

दुखऱ्या अंगाला शेक द्यावा, हें शहाणपण घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. तव्यावर तापविलेल्या मिठाची पुरचुंडी, फडक्यांत गुंडाळलेली वीट, गरम पाण्याची रबरी पिशवी, हीं सारीं एकाच वर्गांतलीं साधनें होत. त्यांची ऊब प्रथम त्वचेला लागते. त्वचेखालचा मेदाचा थर उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळें स्नायूपर्यंत ती फारच थोडी पोहोंचते. ऊब बाहेरून आंत ढकलण्याऐवजीं स्नायूंतच उत्पन्न करतां आली तर? सूक्ष्मलहरींच्या उपचाराचा उगम या प्रश्नांत आहे.

इ. स. १९४० मध्यें बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल व बूट या शास्त्रज्ञांनीं मॅग्नेट्रॉनची एक नवी, अत्यंत प्रभावी रचना सिद्ध केली. तिचें पहिलें काम रडारचें, म्हणजे शत्रूचीं विमानें हुडकण्याचें होतें. युद्ध संपल्यावर तीच शक्ति वैद्यकाच्या हातीं आली. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फ्रँक क्रुसेन व त्यांचे सहकारी यांनीं सजीव पेशीजालावरील तिच्या परिणामांचा प्राथमिक वृत्तांत १९४७ सालीं प्रसिद्ध केला.

या उपचारांतील लहरी बहुधा सेकंदास २४५ कोटी कंपनें करतात. त्यांची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर असते. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीही याच कंपनसंख्येवर चालते. लहर शरीरांत शिरली म्हणजे तेथील पाण्याचे रेणू तिच्या तालावर फिरूं पाहतात, शेजारच्या रेणूंवर आदळतात, आणि त्या धडपडीची उष्णता होते. मेदापेक्षां स्नायूंत पाणी पुष्कळ अधिक, म्हणून स्नायु ही शक्ति अधिक शोषून घेतो. रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेला स्नायु सैल पडतो, सांध्याचे ताठरलेले बंध ताण देण्याजोगे होतात. म्हणूनच पंधरा-वीस मिनिटांच्या शेकानंतर लागलाच व्यायाम करवितात. व्यायामावांचून नुसत्या शेकाचा गुण फारसा टिकत नाहीं.

या शेकाला मर्यादाही आहेत. लहरींचा बराच अंश त्वचा व मेद यांतच खर्ची पडतो. खुब्यासारख्या खोल सांध्यापर्यंत त्यांची मजल जात नाहीं. पाय नुकताच मुरगळला असून सूज चढत असेल, तर पहिले दोन-तीन दिवस शेक वर्ज्यच, कारण ऊब मिळाली कीं आंतील रक्तस्राव वाढतो. हाडांत धातूची पट्टी, हृदयाला जोडलेला पेसमेकर, गर्भारपण, कर्करोग, वाढत्या वयांतील मुलांच्या हाडांचीं टोकें, येथेंही हा उपचार नको. डोळ्यांच्या भिंगांत रक्तवाहिन्या नसतात. तेथें सांचलेली उष्णता वाहून नेणारें कोणी नसल्यानें मोतीबिंदूचें भय असतें.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. यंत्रावरील कांटा यंत्रांतून किती शक्ति बाहेर पडते तें दाखवितो. स्नायु किती तापला तें दाखवीत नाहीं. तें सांगणारा तापमापक एकच, आणि तो म्हणजे रोग्याची स्वतःची संवेदना. "सुखद ऊब" वाटली पाहिजे. चटका किंवा आंत खोल ठणका लागला तर मात्रा अधिक झाली असें समजावें. आपल्या घरांतून सोसणें हा मोठा गुण मानला जातो. डॉक्टरांना त्रास नको म्हणून ओठ मिटून पडून राहणाऱ्या आजीबाई पुष्कळ आढळतात. अन्यत्र शोभणारा हा गुण या टेबलावर मात्र घातक ठरतो. अधिक सोसलें म्हणजे अधिक गुण येतो, हीही भ्रांतीच होय.

ज्यांची संवेदनाच बोथट झाली आहे त्यांची गोष्ट याहून बिकट. मधुमेहानें पाय बधिर झालेल्या मनुष्यास भाजल्याचें कळतच नाहीं. यासाठीं उपचारापूर्वीं गरम व थंड पाण्याच्या नळ्या त्वचेला लावून, डोळे मिटलेल्या रोग्याला दोहोंतील भेद ओळखतो का, हें पाहण्याची पद्धत आहे. ही परीक्षा साधी, दोन मिनिटांची. ती कोणी विसरलाच तर रोग्यानें किंवा त्याच्या घरच्यांनीं तिची आठवण अवश्य करून द्यावी. यंत्र कितीही सुधारलेलें असो, "आतां पुरे" हा शब्द रोग्याच्याच तोंडून यावयाचा असतो.