दोन खड्डे आणि केळीची आळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवंडीजवळचं दापोडे हे आमचं गाव. पूर्वी इथे भातखाचरं होती. आता जिकडे पाहावं तिकडे गोदामं. माल चढवायला-उतरवायला कामगार आले, त्यांना खोल्या हव्या होत्या. मीही खाचराच्या कडेला चार खोल्यांची चाळ काढली. भाडं वेळेवर घेतलं. पण संडास बांधला एकच, आणि त्याच्या टाकीचं पाणी गटारात सोडून मोकळा झालो.

एका पावसाळ्यात टाकी तुंबली. एक भाडेकरू म्हणाला, "शेठ, आत उतरायला कोणाला बोलावू का?" मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "आपल्या पोराला उतरवाल का तुम्ही?" टाकीतल्या वायूने माणसं गुदमरून मरतात, हे मला ठाऊक होतं. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, हेही. मी खाली मान घातली. टाकी यंत्राने उपसून घेतली आणि नव्याने विचार सुरू केला.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करून दाखवलं. देहूचे डॉ. मापुसकर आयुष्यभर गावोगावच्या संडासांसाठी झटले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मी दोन संडास बांधले, प्रत्येकाला दोन शोषखड्डे. पाच-सहा माणसांना साधारण एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा पुरतो. माणसं जास्त तर खड्डा मोठा. विटांचं बांधकाम जाळीदार, म्हणजे पाणी मातीत मुरतं. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की त्याचं वास नसलेलं, मातीसारखं खत होतं. कोणाला मैल्यात उतरावं लागत नाही. जास्त उताराचं भांडं बसवलं, त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. पावसाळ्यात आमच्याकडे जमिनीतलं पाणी वर येतं, म्हणून भराव घालून खड्डे उंचावर घेतले, विहिरीपासून लांब.

न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी मात्र यात मिसळू दिलं नाही. केस, साबणाचा गाळ अडवायला मध्ये छोटी टाकी, आणि पुढे केळीची आळी. कच्च्या खायच्या पालेभाजीला हे पाणी घालू नये, एवढं पथ्य. डबकं गेलं, डासही कमी झाले.

पहिला केळीचा घड चारही खोल्यांत वाटला. तेव्हा एक भाडेकरू बाई म्हणाली, "दादा, केळी गोड आहेत, पण रात्री पोरीला घेऊन बाहेर जावं लागत नाही, ते जास्त गोड." इतकी वर्षं त्या अंधारात जात होत्या, आणि मी भाडं मोजत होतो.

श्रोते हो, आपण खोली भाड्याने दिली असेल, तर आज एवढंच पाहून या: तिथलं सांडपाणी कुठे जातं, आणि टाकी भरली की आत कोण उतरतं?