आउट्रमची पलटण आणि कैद्यांची नाती



पत्रिकेत विषय छापलाय, ‘जेम्स आउट्रम: घराणं आणि लष्करी सेवा’. मला हे दोन विषय वाटतच नाहीत. पलटण सरकारी हुकमाने मंजूर होते, पण उभी राहते ती नात्यागोत्यावर. आज तेवढंच सांगायला आलोय.

1818च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोने आपला भुईकोट कसा घेतला, हे सोलापुरात मी सांगायला नको. पेशवाई संपली, खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तेही आपल्याला ठाऊक आहे. सातपुडा-सातमाळ्यातल्या भिल्ल नाईकांना कंपनीने सात वर्षं बंदुकीच्या जोरावर नमवून पाहिलं. ते जमलं नाही. मग 1825मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण बदललं: भिल्लांचीच पलटण उभारायची. हे काम ज्या लेफ्टनंटकडे आलं, तो जेम्स आउट्रम तेव्हा 22 वर्षांचा होता.

त्याचे वडील बेंजामिन आउट्रम कालवे आणि लोखंडी रूळमार्ग बांधणारे इंजिनियर, डर्बीशायरमधल्या बटर्ली कारखान्याचे एक संस्थापक. 1805मध्ये ते वारले तेव्हा जेम्स दोन वर्षांचा होता. कारखानदाराचं घर बघता बघता ओढगस्तीला आलं. आई मार्गारेट ही शेतीवर लिहिणाऱ्या जेम्स अँडरसनची मुलगी. पाच मुलांना घेऊन ती स्कॉटलंडमध्ये राहिली आणि आपल्या वडिलांच्या कामाचा हवाला देऊन तिने सरकारकडून पेन्शन मिळवलं. अशा बाईचा मुलगा 1819मध्ये, सोळाव्या वर्षी, मुंबईत उतरला. पगारातून आईला पैसे पाठवायचा. थोरला भाऊ फ्रान्सिसही मुंबई इलाख्याच्या इंजिनियर दलात होता. घर म्हणजे काय, घर मोडलं की माणसाचं काय होतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आता पलटण. आउट्रमने आधी डोंगरातल्या वस्त्यांवर छापे घातले आणि माणसं पकडली. मग त्यातल्या काहींना सोडलं, ते एका अटीवर: उरलेल्या कैद्यांच्या नातेवाइकांना घेऊन या, म्हणजे सगळेच सुटतील. नातेवाईक आले. त्या ओळखीवर तो एकटा, पहारा न घेता, नाईकांच्या रानात जाऊन राहिला, त्यांच्यासोबत ब्रँडी प्यायला. अखेर पाच जण तयार झाले. खानदेश भिल्ल पलटणीची सुरुवात या पाच जणांपासून झाली. धरणगाव तिचं ठाणं झालं आणि थोड्याच वर्षांत ती शेकड्यांत गेली.

त्याच्या शिकारींबद्दल आपण ऐकलं असेल. दहा वर्षांत 191 वाघांच्या शिकारीत तो स्वतः हजर होता. (मागून: “मग खानदेशात उरले किती?” हशा.) प्रश्न रास्त आहे! पण त्या शिकारीत भिल्ल त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे असायचे. वाघासमोर जो पळत नाही त्याचा हुकूम ऐकायला हरकत नाही, हे त्यांनी तिथे ठरवलं.

मालेगावचा प्रसंग मात्र सावकाश सांगणार. पलटण तिथे गेली तेव्हा छावणीत आउट्रमची जुनी 23वी रेजिमेंट होती. तिच्यात उच्चवर्णीय शिपाई पुष्कळ. समोर कोण, तर ज्यांना गावात चोर म्हणत, वेशीबाहेर ठेवत, ते भिल्ल. हे नवखे शिपाई अपमानाच्या एका शब्दावर रानात परतले असते, सगळा डाव मोडला असता. आणि काय झालं? रेजिमेंटचे शिपाई आपण होऊन त्यांच्या राहुट्यांकडे गेले, शेजारी बसले, पानसुपारी दिली. आपल्याकडे पानसुपारी कुणाला देतात हो? पाहुण्याला, सोयऱ्याला! पगारापेक्षा, कवायतीपेक्षा मी या पानसुपारीला मोठं मानतो. ज्या शिपायांनी ती दिली त्यांना इतिहासात आउट्रमइतकीच जागा हवी.

चिठ्ठी आलीय: “इंग्रजांचा मार्शल लॉ सोसलेल्या सोलापुरात इंग्रज अधिकाऱ्याचं कौतुक कशासाठी?” विचारणाऱ्याचा राग मला मान्य आहे. पण मी कौतुक करायला आलेलो नाही. हीच नाती उलटीही वापरली गेली. इंग्रजांच्या चाकरीत राहिलेला भिल्ल खाज्या नाईक 1857मध्ये उठला. 11 एप्रिल 1858ला अंबापाणीची लढाई झाली, तिथे इंग्रजांनी भिल्लांच्या बायकाही कैद केल्या. त्या धामधुमीच्या काळात आउट्रम तिकडे लखनौच्या मोहिमेत लढला होता. सिंध गिळण्याला विरोध करणारा, तिथल्या लुटीतला वाटा धर्मादाय देऊन टाकणारा हा माणूस सज्जन होता, असं मी म्हणतो. त्याने ज्या राज्याची चाकरी केली ते सज्जन नव्हतं, हेही म्हणतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. आउट्रमने उघड केलेलं बडोद्याच्या ‘खटपटी’चं, म्हणजे लाचखोरीचं, प्रकरण राहिलं, ते राहू द्या. समोर शिक्षक बरेच बसलेत, त्यांना एकच विनंती. ‘भिल्ल पलटण आउट्रमने उभारली’ हे वाक्य वर्गात सांगाल, तेव्हा तिथे थांबू नका. कैद्यांना सोडवायला डोंगर उतरून आलेल्या त्या नातेवाइकांचंही सांगा.