आधी कोपरा, मग तार

सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर आहे, हरभरा वर आला आहे. म्हणजे रात्रीची जागल सुरू. रोह्यांचा कळप एका रात्रीत वावर साफ करतो. डुकरं खातात कमी आणि लोळून नासतात जास्त. पुष्कळ घरांनी तर डुकरांपायी ज्वारी पेरणंच सोडलं. भाकर आता विकतच्या ज्वारीची. म्हणून गटागटांत तार कुंपणाची बोलणी चालू आहेत. तार किती किलो लागेल, खांब किती लागतील, हे सगळे विचारतात. कोपऱ्याचं कोणी विचारत नाही. आज आम्ही कोपऱ्याचंच बोलणार आहोत.

मधले खांब तार उचलून धरतात, एवढंच त्यांचं काम. ओढ सगळी कोपऱ्यावर येते. एक तार नीट ताणली की शंभर किलोची ओढ सहज लागते. पाच तारा म्हणजे पाच क्विंटल, आणि कोपऱ्यावर ती दोन्ही बाजूंनी, वर्षभर, रात्रंदिवस. खांब चार बोटं जरी आत झुकला तरी अख्ख्या ओळीची तार सैल पडते, आणि सैल तारेखाली डुकरानं नाक घातलं की झालं.

त्यात आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, भेगेत कोपरापर्यंत हात जातो. अशी माती खांबाला धरून ठेवत नाही. म्हणून कोपऱ्याचा खड्डा निदान तीन फूट खोल घ्या, आणि थोडं आणखी खणून मुरूम लागत असेल तर तिथवर जा. तळ तोंडापेक्षा रुंद ठेवा. निघालेली काळी माती परत आत घालू नका. गोटे आणि मुरूम भरा. वीतभर थर टाकायचा, सब्बलीच्या बुडानं ठोकायचा, मग दुसरा थर. एकदम भरून वरून पाय देणं म्हणजे ठोकणं नव्हे! सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-अचलपूरकडे, गोटे फुकट मिळतात. खारपाणपट्ट्यातल्या, दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या बायांना मात्र कितीही खणलं तरी काळीच माती लागते. त्यांनी कोपऱ्यापुरता तरी मुरूम आणि गिट्टी विकत आणावी. तिथल्या खाऱ्या मातीत लोखंडी अँगल जमिनीलगतच गंजतो, तेवढ्या भागाला डांबर लावून घ्या. लाकडी खांब असेल तर वाळवीसाठीही तेच.

आता टेकू. खड्डा कितीही चांगला असला तरी एकटा खांब पाच क्विंटल ओढीपुढे झुकतोच. साधा उपाय म्हणजे तिरपा टेकू. तार जिकडे ओढते त्याच बाजूला, तारेच्या रेषेत तो द्यायचा. कोपऱ्याला दोन रेषा, म्हणून टेकूही दोन. टेकूचा पाय खांबापासून लांब हवा: तीन फूट उंचीवर टेकू लावला तर पाय पाच-सहा फुटांवर, आणि पायाखाली सपाट दगड पुरलेला. टेकू उभट लावला तर तो खांबाला धरण्याऐवजी जमिनीतून वर उचलतो.

यापेक्षा भक्कम म्हणजे चौकट. दाराची चौकट डोळ्यांपुढे आणा. डावा खांब आपल्या कोपऱ्याचा. उजवा त्याचा जोडीदार, आठ फुटांवर, तितकाच खोल पुरलेला. दोघांच्या मध्ये वरच्या बाजूला आडवी बल्ली. कुंपणाची तार कोपऱ्याला उजवीकडे ओढते. चौकट उजवीकडे कलंडू लागली की कोणती दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात? जोडीदाराचा माथा आणि कोपऱ्याचं बूड. तीच दोन टोकं दुहेरी तारेनं बांधायची आणि तारेत काठी घालून पीळ द्यायचा. उलटी, म्हणजे कोपऱ्याच्या माथ्यापासून जोडीदाराच्या बुडापर्यंत बांधलेली तार पुष्कळ वावरांत दिसते. ती दिसायला चांगली दिसते, पण ओढ आली की सैल पडते. दुसऱ्या रेषेलाही अशीच चौकट घ्या. खर्च वाढतो, खरं आहे. पैसा कमी असेल तर मधले खांब थोडे लांब लांब घ्या, पण कोपऱ्यात काटकसर नको.

खणायच्या आधी हद्द पाहा. कोपरा म्हणजेच दोन-तीन वावरांचा धुरा, आणि भाऊबंदकी तिथेच पेटते. हद्दीचा दगड हलवू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे त्याला दंड आहे. दगड जागेवर ठेवून खांब आपल्या बाजूला आत घ्या. वाद असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी. गटानं जमीन मक्त्यानं घेतली असेल तर कुंपण कोणाचं राहील, हे मालकाकडून लिहून घ्या. आणि घरच्या लाइनीचा करंट तारेत कोणीही सोडू देऊ नका, मग नवरा कितीही म्हणो. त्यानं माणसं मेली आहेत. सौर कुंपणाचं यंत्र वेगळं, ते थांबून थांबून झटका देतं.

सध्या जमिनीत वापसा आहे, खणायला हेच दिवस बरे. सिमेंट भरलं असेल तर निदान सात दिवस पाणी मारा, आणि शक्यतो पंधरा दिवसांनी तार ताणा. वैशाखाच्या भर दुपारी ताणली तर थोडी ढील ठेवा. शंभर मीटर तार थंडीत सुमारे चार सेंटीमीटर आखडते आणि तो सगळा ताण कोपऱ्यावर येतो. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर चारही कोपऱ्यांवर जाऊन खांब हलवून पाहा, बुडाशी फट पडली असेल तर मुरूम ठोका.

फाटकाच्या खांबाला ओढही असते आणि फाटकाचं वजनही. त्याचं पुढच्या वेळी बोलू.