जुनें ठाणें, नवा बंब

आगीचा बंब घंटा वाजवीत निघाला कीं वाटेवरचीं माणसें आपोआप बाजूला होतात आणि क्षणभर त्याच्या मागें पाहत राहतात. तो जेथून निघाला त्या ठाण्याकडे मात्र कोणाची दृष्टि क्वचितच वळते. वास्तविक आगीशीं झुंज ठाण्याच्या दारापासूनच सुरू होते.

मुंबईच्या अग्निशामक दलाची स्थापना १८८७ सालीं झाली. त्या काळीं बंब घोडे ओढीत. १९०७ सालीं मोटारीचा बंब आला आणि पुढें तबेले ओस पडले. जुन्या ठाण्यांची अडचण येथूनच सुरू होते. ज्या दारांतून घोड्यांचा बंब सहज बाहेर पडे, त्यांतून आजची रुंद व उंच गाडी अंग चोरूनच निघते. जमिनीचा प्रश्न याहून गंभीर आहे. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. म्हणजे साडेचार हजार लिटरांचा बंब केवळ पाण्याचेंच साडेचार टन ओझें फरशीवर टाकतो. गाडीचें वजन निराळेंच. म्हणून रंगसफेदीपूर्वीं पाया व फरशी तपासून घेणें हें शहाणपणाचें.

दुसरी गोष्ट आरोग्याची. अग्निशामकाचें काम कर्करोगास कारण होतें, असा निर्णय कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२२ सालीं दिला. जुन्या ठाण्यांत गाड्यांचा धूर व आगीवरून परतलेले काजळलेले कपडे निजण्याच्या खोलीजवळच असत. नव्या रचनेंत धूर नळीवाटें बाहेर काढतात आणि मळके कपडे निराळ्या दालनांत ठेवतात. तिसरी गोष्ट स्त्रियांची. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयांत २००२ सालीं हर्षिनी कान्हेकर यांनीं प्रवेश घेतला; तत्पूर्वीं तेथें स्त्री शिकलेली नव्हती. अर्थात् जुन्या ठाण्यांच्या नकाशांत स्त्रियांसाठीं खोली कोठून असणार?

दुरुस्ती चालू असतां ठाणें बंद ठेवतां येत नाहीं, हीच या कामांतील खरी कसोटी. आग कंत्राटदाराची वाट पाहत नाहीं. म्हणून अर्धी इमारत चालू ठेवून अर्धी दुरुस्त करणें, किंवा जवळच तात्पुरती शेड उभारणें, हेच दोन मार्ग उरतात. दर्शनी भाग राखून आंतला भाग बदलला, तर इतिहासही टिकतो आणि कामही साधतें.

वाशीम जिल्ह्यांतील रिठदसारख्या गावीं या प्रश्नाचें रूप पालटतें. उन्हाळ्यांत कडब्याच्या गंजीला आग लागली, तर गोठा व घर वाचणें हें बंब किती दूरवरून यावयाचा यावर अवलंबून. शहरांतील ठाण्यावर केलेला खर्च अशा वेळीं मिनिटांच्या मापानेंच मोजला पाहिजे. ठाण्याचा दरवाजा सुंदर झाला पण बंब उशिरां निघाला, तर त्या शोभेस अर्थ नाहीं.

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला व आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक कामास आले. तो दिवस आज अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या स्मृतीस पुष्पें वाहणें योग्यच. परंतु त्यांच्या वारसांना मजबूत फरशी, स्वच्छ हवा व मोकळें दार देणें, ही आदरांजली त्याहून मोठी.