मूत्रपिंडाचा विकार आणि हृदयाची झडप



महोत्सवाच्या दिवशी आजाराचा विषय काढतो, याबद्दल क्षमा असावी. पण डायलिसिसवर असलेला माणूस आज पुष्कळांच्या नात्यागोत्यात आहे, म्हणून बोलणे प्राप्त आहे.

१९७५ साली स्थानबद्धतेत असता जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत ते त्याच आधारावर जगले. त्या काळी हा उपचार फार थोड्यांच्या आवाक्यात होता. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम निघाला व जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रोग्यांनाही तो विनामूल्य मिळू लागला. रोग्याचे आयुष्य वाढले. आता त्याचे हृदय सांभाळले पाहिजे.

मूत्रपिंड केवळ पाणी गाळीत नाही. रक्तातील जादा स्फुरदही तेच बाहेर टाकते. ते थकले की स्फुरद साचतो आणि हाडांत असावयाचा चुना झडपांवर बसू लागतो. तांब्याच्या बंबात क्षार धरावा, तसाच हा प्रकार. महाधमनीची मऊ झडप ताठर होते, तिची वाट अरुंद होते. इतरांना उतारवयात होणारा हा विकार या रोग्यांना १०-२० वर्षे आधीच गाठतो.

दुसरे भय जंतूंचे. मानेतील नळीवाटे शिरलेले जंतू झडपेवर घर करतात. म्हणून हातावरचा फिस्टुला वेळेवर करून घ्यावा; थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

धाप लागली की घरची माणसे म्हणतात, "पाणी जास्त झाले असेल." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पाणी काढूनही धाप राहिली, चालताना घेरी आली, छातीत दुखले, किंवा डायलिसिस चालू असता रक्तदाब वारंवार उतरू लागला, तर झडपेची शंका घ्यावी. इको तपासणीत सुई नाही, वेदना नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या ३ महिन्यांत व पुढे दर ३ वर्षांनी ती करावी.

झडप बदलता येते. पण या रोग्यांत नव्या झडपेवरही चुना लवकर चढतो. तेव्हा स्फुरदावरची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी आणि डायलिसिसची पाळी चुकवू नये.

पाळी कित्येकदा रिक्षाभाड्यापायी चुकते. महोत्सवी निधीतील लहानसा वाटा आपण अशा भाड्यासाठी आणि इको तपासणीसाठी राखून ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.