‘पित्तच आहे’ म्हणून सोडून देऊ नका
(जिंतूर तालुक्यातील महिला बचत गटांच्या बैठकीतील भाषण)



दसरा-दिवाळी झाली की आपल्यातली कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतील. त्याआधी एका रोजच्या दुखण्याविषयी बोलू. छातीत जळजळ, करपट ढेकर, घशाशी आंबट पाणी. आपण त्याला ‘पित्त’ म्हणतो.

अन्ननलिका पोटाला मिळते तिथं झडपेसारखा एक स्नायू असतो. तो सैल पडला की पोटातलं आम्ल वर येतं आणि जळजळतं. पोटभर जेवून लगेच आडवं होणं किंवा वाकून मोळी उचलणं यानं ते आणखी वर येतं. तंबाखूनं स्नायू सैल होतो, मिसरी म्हणजेही तंबाखूच.

उचल घेतलेल्या माणसाला ‘वेळेवर जेवा’ सांगणं सोपं, पाळणं अवघड. गाडी भरायला रात्री कधीही हाक येते. म्हणून जमेल तेवढं करा. चहाआधी भाकरीचे चार घास खा. रात्री थोडं कमी जेवा, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. कोपीत जमिनीवर झोपत असाल तर उशाकडं मातीचा वीतभर उतार करा. डाव्या कुशीवर झोपा. कमरेची गाठ सैल बांधा.

अंगदुखीची गोळी अनशापोटी घेऊ नका, तिनं पोटात जखम होऊ शकते. खाण्याच्या सोड्यानं घटकाभर बरं वाटतं, पण बीपी असेल तर तो टाळा. पित्ताची गोळी डॉक्टरांनी दिली तर बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. मात्र स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने चालू ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छातीवर दाब येतो, दरदरून घाम फुटतो, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, तेव्हा ते पित्त नसून हृदयाचा झटका असू शकतो. सोडा पाजत बसू नका, लगेच 108 ला फोन लावा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तरी थांबू नका. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर लवकर तपासून घ्या.

बायका दुखणं अंगावर काढतात आणि खाडा नको म्हणून गप्प राहतात. एका दिवसाची मजुरी बुडाली तर भरून निघते. घरातली बाई गेली तर ते घर कशानं भरून काढायचं? टोळीतल्या प्रत्येकीला हे सांगा, पुरुषांनाही सांगा.