गोचीड, ताप आणि आपली काळजी

(न्यासाच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या औषधोपचार विभागातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



दरवर्षी या व्यासपीठावरून हृदयरोग, मधुमेह यांसारख्या मोठ्या व्याधींविषयी बोलले जाते. या वेळी विश्वस्तांनी मला गोचिडावर बोलण्याची सूचना केली, तेव्हा काही मंडळींना हसू आल्याचे मी पाहिले. परंतु डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत आमच्या बाह्यरुग्ण विभागात ज्या काळजीने लोक येतात, त्या काळज्यांमध्ये या कीटकवजा जीवाचा क्रमांक बराच वरचा आहे. ही काळजी रास्त आहे. मात्र ती बहुधा चुकीच्या घरी मुक्कामाला असते, असे माझे निरीक्षण आहे आणि आज तेवढेच मांडायचे आहे.

मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून नातवंडे गावी येतात. घरच्या कुत्र्याशी खेळतात आणि संध्याकाळी आंघोळीच्या वेळी आजीला नातवाच्या कानामागे गोचीड चिकटलेला सापडतो. घरात एकच धावपळ उडते. रात्री साडेनऊ वाजता गाडी करून मूल आमच्याकडे आणले जाते. मूल हसत असते, आईवडिलांचा चेहरा पांढरा पडलेला असतो. रक्ताच्या सगळ्या तपासण्या करा, असा आग्रह होतो. अशा वेळी आम्ही गोचीड काढतो, जागा साबणाने धुतो, तारीख लिहून देतो आणि दोन आठवडे लक्ष ठेवायला सांगतो. गोचीड चावला त्याच रात्री केलेल्या रक्ततपासणीतून काहीही कळत नाही, कारण तोवर सापडण्यासारखे काही रक्तात आलेलेच नसते. बहुसंख्य गोचीडदंशांतून पुढे कोणताही आजार होत नाही, हेही त्या पालकांना शांतपणे सांगावे लागते.

त्याच आठवड्यात काजूच्या बागेत बी वेचणारी एखादी बाई चौथ्या दिवसाच्या तापाने येते. दुकानातून आणलेल्या तापाच्या गोळ्या घेऊन ती तीन दिवस कामावर गेलेली असते, कारण हंगाम तेवढाच आणि मजुरी रोजावर. गोचीड चावला होता का, असे विचारले की ती म्हणते, ‘ते तर रोजच चावतात.’ आमची खरी काळजी तिथे सुरू होते.

त्या काळजीचे नाव माकडताप. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. माकडांचे मृत्यू पाहून प्रारंभी पीतज्वराची शंका घेतली गेली, कारण आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील तो रोग भारतात शिरला असता तर अनर्थ झाला असता. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, संशोधकांनी शोध घेतला आणि हा एक वेगळाच, गोचिडांमार्फत पसरणारा विषाणू असल्याचे सिद्ध केले. आपल्या राज्यातील एका संस्थेने लावलेला हा शोध पुढे आपल्याच जिल्ह्याच्या कामी येईल, याची कल्पना तेव्हा कोणास असणार?

दीर्घकाळ हा आजार शिमोगा आणि त्याच्या लगतच्या जिल्ह्यांपुरता राहिला. गेल्या काही वर्षांत मात्र तो सह्याद्रीच्या रांगेने दोन्ही दिशांना सरकला. दक्षिणेकडे केरळातील वायनाडपर्यंत पोहोचला. उत्तरेकडे २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, केर गावाच्या परिसरात, त्याचे रुग्ण आढळले. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरही त्यात आला. गोव्यातील रुग्णांमध्ये काजू बागांत काम करणाऱ्यांचा समावेश होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जंगलात जाणाऱ्याला होणारा आजार असे याचे वर्णन पुस्तकात असते. आपल्याकडे जंगल आणि बाग यांच्यामध्ये कुंपण असते ते कागदावर. डोंगरउतारावरच्या काजूखाली साचलेला पातेरा गोचिडाला रानाइतकाच मानवतो, आणि पिकल्या बोंडूंसाठी वानर-माकडांचाही तिथे राबता असतो.

गोचिडाचे जीवनचक्र थोडक्यात सांगतो, कारण ते कळले की काळजी केव्हा करायची हे आपोआप कळते. हा रोग मुख्यत्वे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीचे गोचीड पसरवतात. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी गुराढोरांचे रक्त पिऊन खाली पडते व पाल्यापाचोळ्यात अंडी घालते. पावसानंतर अंड्यांतून सहा पायांची पिल्ले निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, माकडे यांच्या अंगावर चढतात. त्यांची पुढची, आठ पायांची अवस्था डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत पातेऱ्यात वावरते आणि माणसाला चावते ती प्रामुख्याने हीच. ती इतकी बारीक असते की अंगावर काळा ठिपका दिसला तर माती समजून झटकला जातो. कुत्र्याच्या कानात लोंबणारा टपोरा गोचीड सर्वांना दिसतो आणि त्याचीच भीती वाटते, पण आपल्या भागात घात करणारा बहुधा हा न दिसणारा असतो. विषाणूची लागण झालेले माकड मरते, तेव्हा त्याच्या अंगावरचे गोचीड थंड पडणारे शरीर सोडून आसपास विखुरतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीची जागा सर्वाधिक धोक्याची.

इथे एका नाजूक विषयाला हात घालतो. वानर मेले की त्याला मारुतीचे रूप मानून फुले वाहायची, खांदा द्यायचा, खड्डा खणून मूठमाती द्यायची, अशी आपल्याकडे पद्धत आहे. त्यामागील भाव मला पूज्य आहे. परंतु हंगामात मेलेल्या वानराला हात लावू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये, आणि वनखाते, पशुवैद्यकीय दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांना त्वरित कळवावे. ते नमुने घेतात आणि जागेवर गोचीडनाशक औषध टाकतात. नमस्कार दुरूनही पोहोचतो.

आता लक्षणांविषयी. विषाणूबाधित गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके असह्य दुखते, कंबर व पिंढऱ्या मोडून आल्यासारख्या होतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात, माणूस गळून जातो. काहींना हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. रक्तातील पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात. येथे एक फसवणूक संभवते. प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यूची तपासणी होते, ती डेंग्यू नाही असे सांगते आणि घरचे निश्चिंत होतात. आपल्या कोकणात तापांचे एक पंचांग आहे. भातलावणीच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिस, पावसाच्या पाठोपाठ हिवताप-डेंग्यू आणि कोरड्या महिन्यांत माकडताप. फेब्रुवारी-मार्चमध्ये रानाशी संबंध असलेल्या माणसाला असा ताप आला, तर त्याचा विचार पहिल्यांदा व्हावयास हवा.

दुसरी फसवणूक याहून मोठी. ताप आठ-दहा दिवसांत उतरतो, माणूस उठून बसतो, घरचे कामाला लागतात. पण दहा-वीस टक्के रुग्णांत एक-दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर ताप उलटतो, आणि या वेळी तीव्र डोकेदुखी, मानेचा ताठरपणा, हातापायांना कंप, भ्रम अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. या आजारात शंभरातील तीन ते पाच रुग्ण दगावतात. तेव्हा ताप उतरल्यानंतरचे दोन-तीन आठवडे रुग्णावर नजर असावी. या विषाणूवर नेमके औषध नाही. सलाईन, रक्तदाब व रक्तस्राव यांवर लक्ष, गरज पडल्यास रक्तघटक आणि निगुतीची शुश्रूषा हाच उपचार, आणि तो वेळेवर मिळाला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या तेज गोळ्या मात्र कटाक्षाने टाळाव्यात, त्यांनी रक्तस्राव वाढतो. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. आजारी माणसाचे ताट वेगळे करण्याची, शेजाऱ्यांनी वाट बदलण्याची काही गरज नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तसे घडताना पाहिले आहे.

लहान मुलांच्या पालकांसाठी आणखी एक आजार सांगायला हवा. टिक टायफस हा गोचिडांमुळे होणारा दुसरा ताप महाराष्ट्राच्या अनेक भागांत नोंदला गेला आहे. ताप येतो, दोन-चार दिवसांनी मनगटे व घोटे यांपासून लालसर पुरळ उमटते आणि ते तळहात-तळपायांवरही दिसते. कधी चावल्या जागी काळी खपली धरलेली असते. गोवराचे पुरळ सहसा चेहऱ्यापासून सुरू होते, म्हणून तापातल्या मुलाचे तळवे अवश्य पाहावेत. हा आजार जिवाणूंमुळे होतो आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध आहे. दात डागाळतात म्हणून आठ वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे पूर्वी मानत. थोड्या दिवसांच्या उपचाराने तसे होत नाही, असे आता स्पष्ट झाले आहे, आणि या आजारात अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात. डॉक्टरांनी लिहून दिले तर घाबरून थांबवू नये.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तिकडून फोन येतो की गोचीड चावल्यावर एक गोळी घ्यायची असते, तुम्हाला दिली का? तो सल्ला तिथे योग्य आहे. ईशान्य अमेरिकेत लाईम नावाचा आजार पसरवणारा काळ्या पायांचा गोचीड दीड दिवसाहून अधिक काळ चिकटून राहिला असेल, तर तो काढल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्सिसायक्लिनची एक मात्रा देतात. आपल्याकडचा माकडताप विषाणूचा आहे, त्याला अशी प्रतिबंधक गोळी नाही.

गोचीड काढायचा कसा, हे अनेकदा विचारले जाते. रॉकेल, चुना, जळती उदबत्ती, तेल हे सर्व प्रयोग सोडून द्यावेत. त्यांनी गोचीड सुटायला वेळ लागतो आणि त्याची लाळ जखमेत अधिक जाण्याचा संभव असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरावा आणि पिळा न देता सरळ, सावकाश ओढावा. नखावर चिरडू नये. जागा व हात साबणाने धुवावेत. बागेतून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करताना काखा, जांघा, कानामागची जागा, केस आणि नाडीखालची कंबर तपासावी. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, घरच्यांनी पाहावी.

प्रतिबंधक लस होती. तिची परिणामकारकता अपुरी ठरल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. नव्या लसीवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने काम झाले आहे. तूर्त आपल्या हाती अंगभर कपडे, पायांत बूट आणि त्वचेला लावायचे गोचीडरोधक तेल आहे. कर्नाटकात आरोग्य खाते डेपा नावाचे असे तेल वाटत आले आहे.

आणि म्हणूनच शेवटची विनंती देणगीदारांना आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या काजूच्या बागा आहेत. भाजावळीसाठी पातेरा गोळा करणारी, बी वेचणारी, गुरांमागे जाणारी माणसे आपलीच. आपल्या नातवाच्या कानामागचा गोचीड आपण रात्री गाडी करून दाखवायला आणता. त्याच दक्षतेचा काही भाग या माणसांच्या वाट्याला यावा. हंगामाच्या प्रारंभी प्रत्येकाला बुटांचा जोड आणि तेलाची बाटली द्यावी. त्याहून महत्त्वाचे, ज्याला ताप आला त्याला पहिल्याच दिवशी रजा द्यावी आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. ती कापली जाते म्हणून ती बाई चौथ्या दिवशी येते. दवाखान्यात पाठवताना ‘काजूत काम करते, अमक्या दिवसापासून ताप, बागेजवळ वानर मेले होते’ एवढे चिठ्ठीवर लिहून द्यावे. गेल्या मेळाव्यात एका सद्गृहस्थांनी अतिदक्षता विभागासाठी यंत्र देऊ केले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. अशी चिठ्ठी पहिल्या दिवशी हाती आली तर त्या विभागापर्यंत जाणारे काही रुग्ण सामान्य कक्षातूनच घरी जातील.

डिसेंबरपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तापाच्या रुग्णाला बाह्यरुग्ण विभागात रांगेत न थांबवता आधी पाहण्याची व्यवस्था आम्ही ठेवली आहे. नोंदणीच्या खिडकीवर फक्त ‘रानातला ताप’ असे सांगावे.  काही प्रश्न असतील तर चहाच्या वेळी मी इथेच आहे.